इन्स्टाग्रामवर नावासोबत कामही लिहा

मेहंदी काढणाऱ्या, केक करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या कितीतरी जणी रोज नेमाने पोस्ट टाकतात, पण कुणी 'मेहंदी नागपूर' असं शोधलं की त्या दिसतच नाहीत. प्रोफाइलवर नुसतं नाव असतं, काम कुठेच नसतं. एवढी मेहनत अशी वाया जाते याचं फार वाईट वाटतं.

१. 'एडिट प्रोफाइल' उघडा. तिथे 'नेम' आणि 'युजरनेम' असे दोन वेगळे रकाने आहेत. युजरनेमला हात लावू नका, नाहीतर छापून वाटलेल्या कार्डांवरचा इन्स्टाग्रामचा पत्ता चुकीचा ठरतो.

२. 'नेम'मध्ये नावापुढे काम आणि शहर लिहा. उदाहरणार्थ, 'Snehal | Mehndi | Nagpur'. शोधताना हा रकानाही धरला जातो. हे रोमन लिपीत लिहिलेलं बरं, कारण बरेच जण शोधताना तसंच टाइप करतात.

३. बायोत, म्हणजे नावाखालच्या छोट्या ओळखीत, १५० अक्षरंच मावतात. तिथे सुविचार नको. 'मानेवाडा, घरी येऊन मेहंदी, लग्नाचं बुकिंग सुरू' असं लिहिलं की सक्करदऱ्याच्या गिऱ्हाइकाला लगेच कळतं, आपल्या जवळचंच आहे.

४. हेच नाव, हाच फोटो व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरही ठेवा.

मात्र 'नेम' १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं. म्हणून आधी कागदावर लिहून स्पेलिंग तपासा, मगच सेव्ह करा.