ट्रॉलीच्या दिव्यांचं वायरिंग: बल्ब बदलण्याआधी अर्थची वायर तपासा, आणि या चुका टाळा

लाल कांद्याच्या हंगामात निफाड-चांदोरीच्या पट्ट्यात पहाटे धुकं उतरतं, आणि नेमक्या त्याच वेळी भरलेल्या ट्रॉल्या लासलगाव-पिंपळगावच्या बाजाराकडे निघतात. मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही, दिसला तर ट्रॉलीचा मागचा दिवा दिसतो. तो लागत नसला की पहिली मागणी असते, "बल्ब बदलून द्या." बल्ब बदलतात, दोन दिवस दिवा लागतो, पुन्हा बंद. दोष बल्बमध्ये कमी आणि अर्थच्या वायरीत, म्हणजे दिव्यातला करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीत, जास्त वेळा सापडतो. म्हणून सुरुवात तिथूनच.

हुकाच्या पिनवर अर्थ सोडून देणं

सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत जास्त डोकं खाणारी चूक हीच. ट्रॅक्टर लोखंडाचा, ट्रॉलीही लोखंडाची, हुकात पिन अडकवलेली. मग अर्थची वेगळी वायर कशाला, असा हिशेब होतो. पण ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॉली ओढायच्या दांड्याच्या, कड्यात ग्रीस असतं, रंग असतो, गंज असतो, आणि गाडी चालताना कडं पिनवर सतत उड्या मारतं. जोड क्षणात लागतो, क्षणात सुटतो.

अर्थ सुटली की दिवे नुसते बंद पडत नाहीत, वेडेवाकडे वागतात. डावा इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवाही मंद लुकलुकतो. ब्रेक दाबला की टेल लॅम्प (रात्री सतत लागणारा मागचा लाल दिवा) विझतो किंवा इंडिकेटरच्या काचेत तांबूस उजेड दिसतो. कारण सरळ आहे: करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून, तिच्या वायरीतून उलटा फिरून ट्रॅक्टरकडे जातो. असं लक्षण दिसलं तर बल्बला हात लावू नका.

ट्रॅक्टरमागे ट्रॉलीचा प्लग जिथे बसतो त्या सात पिनच्या सॉकेटमधल्या तीन नंबरच्या पिनवरून वेगळी वायर ट्रॉलीच्या चॅसीपर्यंत आणि तिथून मागच्या प्रत्येक दिव्याच्या होल्डरपर्यंत न्या. चॅसीवर जिथे जोडायची तिथला रंग घासून चकचकीत लोखंड काढा, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूचं कडं) दाबून बसवा, ८ मिमीचा बोल्ट, दातेरी वॉशर आणि नट लावा, आणि मगच वरून रंग किंवा ग्रीस द्या. आधी रंग आणि मग बोल्ट असं केलं तर जोड नावालाच.

सगळ्या वायरी एकाच जाडीच्या घेणं

इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा, ब्रेकच्या दोन बल्बचे प्रत्येकी २१, दोन टेल लॅम्पचे प्रत्येकी ५, नंबर प्लेटचा ५. रात्री वळताना ब्रेक दाबलेला असेल तर ७८ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसहा अँपिअर. बाकीच्या वायरी आपापला वाटा नेतात, अर्थची वायर मात्र सगळ्यांचा भार एकटी परत आणते. ७ मीटर लांबीची १ चौरस मिमीची वायर असेल तर तिच्यातच ०.८ व्होल्ट जातात. २.५ चौरस मिमी घेतली तर ०.३. फरक लहान वाटतो, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने पडतो: १० टक्के व्होल्टेज कमी, तर उजेड जवळजवळ ३० टक्के कमी.

तेव्हा अर्थला २.५, ब्रेकला १.५, बाकीच्यांना १ चौरस मिमी. वायर अनेक बारीक तारांची, ऑटोची घ्या. घराच्या वायरिंगमधली उरलेली एक तारेची वायर कच्च्या शिवाररस्त्यावर हादऱ्याने प्लास्टिकच्या आतच तुटते. वरून ती अखंड दिसते, म्हणून शोधण्यात दिवस जातो.

काळी वायर म्हणजे अर्थ असं धरणं

सात पिनची प्रचलित मांडणी अशी: १ डावा इंडिकेटर, पिवळी. २ मागचा फॉग लॅम्प, निळी; ट्रॉलीवर ही बहुधा रिकामीच असते. ३ अर्थ, पांढरी. ४ उजवा इंडिकेटर, हिरवी. ५ उजवा टेल लॅम्प, तपकिरी. ६ ब्रेक, लाल. ७ डावा टेल लॅम्प, काळी.

काळी चॅसीला जोडली की लाईटचा स्विच दाबताक्षणी फ्यूज उडतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तार गुंडाळतो, आणि पुढच्या वेळी वायरिंग जळतं. उडालेला फ्यूज हा निरोप असतो, तो ऐकायचा. शिवाय जुन्या ट्रॅक्टरवर कोणी कोणत्या रंगाची वायर ओढली असेल याचा भरवसा नाही, म्हणून रंगावर न जाता टेस्ट लॅम्प (वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब) लावून प्रत्येक पिन तपासूनच जोडा.

आणखी एक फसगत: सॉकेट आणि प्लग समोरासमोर बसतात, म्हणून एकाची मांडणी दुसऱ्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी असते. जागा बघून जोडणारा डावा-उजवा उलटा करतो. आत प्लास्टिकवर कोरलेले बारीक आकडे असतात, टॉर्च लावून तेच वाचा.

बल्ब जबरदस्तीने फिरवून बसवणं

ब्रेक आणि टेल एकत्र असलेल्या बल्बमध्ये उजेड देणाऱ्या दोन तारा असतात, आणि त्याच्या पितळी कडेच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात. त्या मुद्दाम तशा आहेत. झिजलेल्या होल्डरमध्ये बल्ब उलटा दाबून बसवला तर टेल लॅम्प रात्रभर ब्रेकसारखा भगभगतो आणि खरा ब्रेक दाबल्यावर मागच्याला काहीच कळत नाही. याहून वाईट म्हणजे दोन तारांच्या होल्डरमध्ये एका तारेचा बल्ब. त्याचं एकच बूड दोन्ही टोकांना एकदम टेकतं. लाईटचा स्विच बंद असताना ब्रेक दाबला आणि ट्रॅक्टरच्या मीटरमधले दिवे लागले, तर हेच झालंय असं समजा.

इंडिकेटर न लुकलुकणं किंवा भराभर लुकलुकणं

इंडिकेटर लुकलुकवणारी डबी म्हणजे फ्लॅशर; प्रत्येक फ्लॅशर ठरावीक वॅटसाठी बनवलेला असतो. ट्रॅक्टरपुरता असलेला फ्लॅशर ट्रॉली जोडल्यावर गडबडतो. डबीवर '२+१' (ट्रॅक्टरचे दोन आणि ट्रॉलीचा एक दिवा) आणि '२१ वॅट' लिहिलेला ट्रॉलीसाठीचा फ्लॅशर घ्या. ट्रॉलीला एलईडी दिवे लावले असतील तर एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच लागेल. जुन्या फ्लॅशरला भार कमी पडतो.

फवारणीनंतर सॉकेट तसंच ठेवणं

द्राक्षाच्या भागातली ही खास अडचण आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर (फवारणी यंत्र) लावून तोच ट्रॅक्टर बागेत फिरतो. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद आणि फवारलेलं गंधक मागच्या सॉकेटवर बसतं. झाकणाची स्प्रिंग गेलेली असेल तर ते थेट पितळेवर. पितळ आधी काळं पडतं, मग त्यावर हिरवट पूड येते, आणि तिच्यातून करंट नीट जात नाही.

प्लग उघडून पाहा: पिनेच्या टोकाला मधोमध बारीक चीर असते. वापरून वापरून ती चीर मिटते आणि पिन सॉकेटमध्ये सैल बसते. पातळ स्क्रू ड्रायव्हरने चीर अलगद, केसभरच, उघडा. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. बेअरिंगचं ग्रीस आत भरू नका, त्यात धूळ बसते. सॉकेटचं झाकण वरून खाली पडेल असंच बसवा, आणि ब्लोअर लावायच्या दिवशी सॉकेटवर प्लास्टिकची पिशवी बांधा. सॉकेटच्या आतले बारीक स्क्रूही हादऱ्याने ढिले होतात. हंगामाआधी सातही कसून घ्या.

वायरींचे जोड नुसते पिळून टेप मारून ठेवले तर इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात एका मोसमात आतून हिरवे होतात. सोल्डरचा डाग देऊन वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. टिपिंग ट्रॉलीत बिजागरीपाशी वायरीला ढील लागते, नाहीतर हौदा उचलताच ती ताणून तुटते. हुकापाशीही तसंच: ट्रॅक्टर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, वायर ताणली जाऊ नये, जमिनीला घासू नये आणि पीटीओ शाफ्टजवळ (ट्रॅक्टरमागच्या फिरत्या दांड्याजवळ) जाऊ नये.

दोष शोधताना होणारी चूक

मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, दिवा मात्र लागत नाही. शंभरातली एक तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवेल, कारण मीटर भार ओढतच नाही. २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प वापरा. आणि त्याची चिमटी ट्रॅक्टरच्या बॉडीला लावू नका, सॉकेटच्या तीन नंबरच्या पिनला लावा. बॉडीला लावली तर तपासणीत सगळं ठीक दिसतं आणि खराब अर्थ झाकली जाते.

आधी ट्रॅक्टरचं सॉकेट तपासा. तिथे सगळं बरोबर असेल तर दोष ट्रॉलीत. मग प्लग जोडा, ब्रेक दाबून धरायला एकाला बसवा, आणि मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर व दुसरी मागच्या होल्डरच्या पत्र्यावर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थमध्येच व्होल्टेज वाया जातंय. ट्रॅक्टरच्या दिशेने एक-एक जोड पुढे सरकत मोजा. जिथे आकडा अचानक पडेल, त्याच्या लगेच मागचा जोड खराब.

ब्रेकचा दिवा कधी लागतो, कधी नाही, असं असेल तर डावं आणि उजवं पेडल वेगवेगळं दाबून बघा. काही ट्रॅक्टरवर स्विच एकाच पेडलवर असतो. रस्त्यावर दोन्ही पेडलं कुलपीने जोडलेलीच हवीत, ट्रॉली लावलेली असताना तर हवीतच.

दिंडोरी-निफाडकडून कारखान्यावर ऊस नेताना दोन ट्रॉल्या लावल्या असतील तर दिवे शेवटच्या ट्रॉलीवर चालले पाहिजेत, आणि तिथवर अंतर दुप्पट होतं म्हणून अर्थ ४ चौरस मिमीची घ्या. उसाचे शेंडे दिव्यावर लोंबत असतील तर वायरिंग कितीही उत्तम असून उपयोग नाही. दिवे खाली, बाहेरच्या कोपऱ्यावर घ्या. मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावा, आणि निघताना ओल्या फडक्याने तिच्यावरची काळी माती पुसा.