फ्रान्सच्या खेड्यात आठवडा काढायचा असेल तर: कोल्हापूरकरांसाठी

युरोप म्हटलं की आपल्याकडं अजून तोच बेत असतोय, दहा दिवस, सहा देश, सकाळी सातला बॅगा बसच्या डिकीत. ज्यांना ते आवडतंय त्यांनी जरूर करावं. पण ज्यांना रविवारी सकाळी उठून खिद्रापूरला जायचं आणि एकेका खांबापुढं निवांत उभं राहायचं एवढंच पाहिजे असतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. फ्रान्समधलं एक लहान गाव धरा, आठवडाभर तिथंच मुक्काम ठोका आणि गाडीनं अर्ध्या-पाऊण तासात जेवढं येतंय तेवढंच बघा. पॅरिस येताना-जाताना होईल, नाही झालं तरी काय बिघडत नाही.

गाव कुठलं? माझ्या मते सँ-लेओं-स्युर-व्हेझेर. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दोर्दोन्य जिल्हा आहे, तिथं व्हेझेर नदीच्या काठावर, मोंतिन्याक आणि लेझेझी या दोन गावांच्या मधे. एवढंसं गाव, बाराव्या शतकातलं चर्च नदीला अगदी लागून, आणि त्याचं छप्पर बघून घ्या, कौलं नाहीत, चुनखडी दगडाच्या जाड लाद्या एकावर एक रचल्यात. मान वर करून पाच मिनिटं बघितलं की प्रश्न पडतो की एवढं वजन त्या भिंतींनी इतकी शतकं पेललं कसं. आत जायला तिकीट नाही, फक्त आवाज खाली ठेवायचा.

बाहेर पडल्यावर गावातलं युद्धस्मारक शोधा. फ्रान्समध्ये बहुतेक प्रत्येक गावात ते असतंय, १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात गेलेल्यांची नावं कोरलेली. कुठल्याही गावात गेलात तरी गावची वस्ती बघा आणि मग नावं मोजा, बऱ्याच ठिकाणी एकच आडनाव दोन-तीनदा येतंय. ज्यांनी आपली सैनिक टाकळी बघितली आहे त्यांना तिथं कुणी काही समजावून सांगायला लागणार नाही.

आता जायचं कसं ते. मुंबईहून पॅरिस, तिथं मोंपारनास स्टेशनवरनं बोर्दोपर्यंत फास्ट ट्रेन, ती दोन तासांच्या आसपास पोचवते, आणि बोर्दोत गाडी भाड्यानं घ्यायची. विमानतळ आणि मोंपारनास पॅरिसच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळं मधे भरपूर वेळ ठेवा, विमान लेट झालं तर ट्रेन थांबत नाही. गाडीशिवाय या भागात जमेल का, तर थोडंफार जमेल, लेझेझी आणि सार्लाला रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्या आणि बसचा भरवसा धरू नका. गाडी घेणार असाल तर आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट आधीच काढा आणि बुकिंग करतानाच ऑटोमॅटिक पाहिजे म्हणून सांगा, कारण तिकडं गिअरच्या गाड्या जास्त आणि उजव्या बाजूनं चालवताना डावीकडचं स्टेअरिंग, उजव्या हातानं गिअर हे सगळं एकदम अंगावर येतंय. दोन गोष्टी मात्र पाठ करून जा. गावाच्या नावाची पाटी लागली की तिथनं वेग ५० च्या आत, वेगळा बोर्ड नसला तरी, आणि त्याच नावावर तिरपी लाल रेघ मारलेली पाटी दिसली की गाव संपलं. दुसरं म्हणजे खेड्यात उजवीकडच्या गल्लीतनं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, ती गल्ली कितीही बारकी असू दे, वेगळी खूण नसेल तर हक्क त्याचाच.

व्हिसा शेंगेनचा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतोय, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतोय. उन्हाळ्यात जाणार असाल तर अपॉइंटमेंटचं सगळ्यात आधी बघा.

या खोऱ्यात जायचं खरं कारण म्हणजे गुहा. १९७९ पासून इथल्या चित्रांच्या गुहा युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. मोंतिन्याकजवळ लास्को, १२ सप्टेंबर १९४० ला चार पोरं एका बिळातनं आत उतरली आणि आत बैल, घोडे, हरणं, सतराएक हजार वर्षांपूर्वी रंगवलेली. १९४८ ला लोकांना उघडली आणि १९६३ ला बंद करावी लागली, कारण एवढ्या माणसांच्या नुसत्या श्वासानं आतली हवा बदलली आणि भिंतींवर हिरवं शेवाळ धरायला लागलं. आज जी बघायला मिळते ती प्रतिकृती, २०१६ ला उघडलेली. प्रतिकृती म्हणून नाक मुरडू नका, पाच मीटरच्या वर लांब असलेला बैल डोक्यावर बघितला की अंगावर काटा येतोच. इंग्रजी टूरची वेळ बघून ऑनलाइन बुक करा.

पण एवढ्यावर परत येऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अस्सल चित्रं अजूनही बघता येतात. लेझेझीजवळ फों-द-गोम, तिथं दिवसाला मोजकीच माणसं सोडतात म्हणून तिकीट मिळालं त्या तारखेप्रमाणं बाकीचा आठवडा बसवा, उलट करू नका. आत अरुंद वाट, फोटो बंद, गाइडच्या हातात लाइट. सुरुवातीला नुसता दगड दिसतोय. मग गाइड लाइट बाजूनं तिरपी धरते आणि दगडाचा जो फुगवटा होता तीच गव्याची पाठ होते, चित्रकारानं दगड बघून मग जनावर काढलंय. एका ठिकाणी दोन रेनडिअर आहेत, एक दुसऱ्याचं कपाळ चाटतंय. रंग पुसट झालाय, पटकन दिसत नाही, गाइडला परत दाखवायला सांगा, लाजू नका.

दुसरी रुफिन्याक. तिथं छोट्या इलेक्ट्रिक ट्रेननं आत नेतात, त्यामुळं आई-वडील सोबत असले आणि गुडघे दुखत असले तरी ही गुहा जमते. जाताना जमिनीत गोल खड्डे दिसतात, ते गुहेतल्या अस्वलांनी झोपायला केलेले, आणि भिंतींवर त्यांच्या नखांचे ओरखडे. आतमध्ये छतावर मॅमथ, घोडे, रानबकरे, गेंडे. आज तिथं उभं राहता येतंय ते नंतर जमीन खणली म्हणून, तेव्हा छत जेमतेम मीटरभर वर होतं, म्हणजे काढणारा पाठीवर पडून काढत होता आणि पूर्ण चित्र त्याला स्वतःला एका नजरेत दिसतही नसणार. हिवाळ्यात ही बंद असते. गुहांत बारा महिने १३ अंशांच्या आसपास थंडी, स्वेटर गाडीत ठेवू नका, अंगात घाला.

सँ-लेओंहून नदीच्या खालच्या अंगाला जवळच ला रोक सँ-क्रिस्तोफ. किलोमीटरभर लांब, ८० मीटर उंच सरळ कडा आणि त्याच्या पोटात मजल्यांसारखे कप्पे, जिथं माणसं मध्ययुगात वस्ती करून राहिली. मुलं असतील तर अर्धा दिवस धरा.

किल्ले तर आपल्या लोकांना सांगायलाच नकोत. दोर्दोन्य नदीच्या एका बाजूला बेनाक, थोडं पुढं दुसऱ्या बाजूला कास्तेलनो, शंभर वर्षांच्या युद्धात, १३३७ ते १४५३, एक फ्रेंचांकडं आणि दुसरा बराच काळ इंग्रजांकडं, समोरासमोर. दोन्ही एका दिवसात होतात पण मी म्हणेन कास्तेलनो आधी, तिथं मध्ययुगीन युद्धाचं म्युझियम आहे आणि दगड फेकायची लाकडी यंत्रं खऱ्या आकारात उभी केलीत. ज्याची पोरं दिवाळीत दारात मातीचा किल्ला करतात त्यानं इथं घाई करू नये. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी, नऊच्या आत पोचा, नंतर पार्किंग मिळत नाही.

चालायला जाणार असाल तर वाटेवरच्या खुणा समजून घ्या, पिवळी पट्टी म्हणजे जवळची वाट, पांढरी-लाल म्हणजे लांब पल्ल्याची, फुली दिसली की तिकडं जायचं नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम, रानात जाताना भडक रंगाचा शर्ट घाला. वाटेत अक्रोडाच्या बागा लागतात, खाली पडलेले सुद्धा उचलू नका. आपल्याकडं शिवारातनं जाताना उसाचं कांडकं मोडलं तर कोण काय म्हणत नाही, तिथं तो माणूस वर्षभर त्यावर जगतोय.

जेवणाचं नीट वाचा. हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यातही दीडनंतर गेलं तर नाही म्हणतात. दुकानं पण दुपारी बंद, रविवार दुपार आणि सोमवार तर गाव झोपलेलं. कुठंही आत शिरलं की आधी 'बोंझूर' म्हणा, मग बोला, वागणुकीत लगेच फरक पडतोय. मटण खाणाऱ्यांनी बदक खाऊन बघावं, हा भागच बदकाचा. शाकाहारी लोकांनी मात्र बटाट्यावर सुद्धा विश्वास ठेवू नका, सार्लाचे प्रसिद्ध बटाटे बदकाच्या चरबीत परतलेले असतात, आणि सूपमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो. बकरीचं चीज, अक्रोड घातलेलं सॅलड, ऑम्लेट, ब्रेड यावर निभतंय.

म्हणूनच हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, तिकडं त्याला झीत म्हणतात. कांदा-लसूण चटणी, भाजणी, मेतकूट बिनधास्त न्या, पण तूप, पेढे, सुकं मटण असलं काही बॅगेत घालू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. सकाळी बेकरीतनं गरम ब्रेड आणायचा, त्याला चटणी लावायची आणि नदीकाठी बसून खायची.

मे-जून किंवा सप्टेंबर धरा. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे संध्याकाळची एक चाल फुकटात मिळते. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी देशभर वारसा दिवस असतात, एरवी बंद असलेले वाडे त्या दोन दिवसांत उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्सच सुट्टीवर, गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली, आणि झीत बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आधी घराचे वार पक्के करा.