छोट्या ट्रॅक्टरने ड्राइव्हवेवरचा बर्फ कसा काढावा

घरापासून रस्त्यापर्यंतच्या, शंभर मीटर लांब आणि तीन मीटर रुंद ड्राइव्हवेवर २० सेंटिमीटर बर्फ पडला, की ६० घनमीटर माल हलवायचा असतो. ताजा, कोरडा बर्फ धरला तरी तो चार ते सहा टन भरतो. ओला असेल तर दुप्पट सहज. फावड्याने हे काम सकाळी ऑफिसला जायच्या आधी उरकत नाही.

न्यूयॉर्क राज्यात ऑन्टारियो सरोवराच्या पूर्वेला आणि आग्नेयेला हे नेहमीचंच. थंड वारा न गोठलेल्या पाण्यावरून येताना वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की बर्फ करून टाकतो. सिराक्यूज शहराची हिवाळ्याची सरासरी १२० इंचांच्या वर आहे, टग हिलच्या पठारावर त्याहूनही जास्त पडतो. इथे शहराबाहेर दोन-चार एकरांवर घर घेतलेल्यांकडे २५ ते ४० अश्वशक्तीचा, चारही चाकांना ताकद जाणारा कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर बऱ्याचदा दिसतो. नाशिकच्या द्राक्षबागेत ओळींमधून फिरतो त्याच्याच जातीचा, फक्त पुढे लोडर, म्हणजे बकेट उचलणारे हात, लावलेला.

ट्रॅक्टर चालवणं हा यातला सोपा भाग. बर्फ टाकायचा कुठे हा खरा प्रश्न, आणि तो नोव्हेंबरातच सोडवावा लागतो, कारण जानेवारीत कडेचे ढीग दगडासारखे होतात आणि मग हलत नाहीत.

१. जागा ठरवा, काठ्या रोवा

जमीन गोठायच्या आधी ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चमकणाऱ्या पट्टीच्या काठ्या ठोका. वळणावर जवळजवळ, सरळ भागात लांब लांब. नंतर सगळं पांढरं झालं की कड कुठे आणि हिरवळ कुठे ते कळत नाही. विहिरीचं तोंड, गॅसची टाकी, विजेचा खोका, मोठे दगड यांच्याजवळही काठी हवी.

मग ढिगाऱ्यांच्या जागा बघा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उंच ढीग केला, तर पुढच्या वाऱ्यात त्याच्या आडोशाला बर्फ साचतो, म्हणजे नेमका तुमच्या रस्त्यावर. म्हणून शक्यतो वारा जिकडे जातो तिकडच्या बाजूला टाका. उताराचंही तसंच: ढीग वरच्या अंगाला असला, तर दुपारी वितळलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रात्री त्याची काच होते. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारी नळी घराच्या ज्या भिंतीला असेल, तिच्याजवळ बर्फ अजिबात लोटू नका. ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो.

२. ट्रॅक्टर तयार करा

अवजार कोणतं घ्यावं यावर लोक तासन् तास बोलतात. माझं मत सरळ आहे: शेत सपाट करायला लावतात तसं मागचं ब्लेड आणि पुढची बकेट यांवर सुरुवात करा. स्वस्त पडतं, आणि ब्लेड उन्हाळ्यात खडी पसरायलाही चालतं. ढिगाऱ्यांना जागाच नसेल किंवा हिवाळाभर सतत पडतच असेल, तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, इंजिन फिरवतं तो दांडा) चालणारा स्नोब्लोअर घ्या. तो बर्फ लांब फेकतो, त्यामुळे कडेला भिंती उभ्या राहत नाहीत. बहुतेक ब्लोअरना रोटाव्हेटरसारखेच पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे लागतात. मागे बसवलेला ब्लोअर रिव्हर्समध्ये चालवावा लागतो, मान मात्र दुखते.

वजनाकडे दुर्लक्ष होतं. पुढची बकेट ओल्या बर्फाने भरली की मागची चाकं हलकी होतात, पकड जाते. मागे ब्लेड किंवा ब्लोअर असेल तर तेच वजन देतं. नसेल तर काँक्रीट भरलेली पेटी जोडा. आपल्याकडे चिखलणीला टायरमध्ये साधं पाणी भरतात, इथे ते गोठेल. त्याऐवजी कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण किंवा बीटच्या रसापासून केलेलं जाड द्रव भरतात. क्लोराइडने रिम गंजते, बीटच्या रसाने नाही, म्हणून तो महाग असूनही खपतो. उतार असेल तर साखळ्या लावा, पण आधी चाक आणि मडगार्ड यांत जागा पुरते का ते पाहा.

साधं डिझेल कडक थंडीत मेणासारखं दाट होऊन फिल्टर बुजवतं. हिवाळी डिझेल भरा, आणि गोठण टाळणारं औषध थंडी यायच्या आधी टाकीत घाला. गोठल्यावर घालून उपयोग नसतो. इंजिनाला ब्लॉक हीटर (इंजिन आधीच गरम करणारा विजेचा हीटर) असेल तर निघायच्या दोन-तीन तास आधी लावा.

३. खडीच्या रस्त्यावर पहिला बर्फ

डांबरी ड्राइव्हवे असेल तर हा भाग सोडून द्या. खडीवर मात्र पहिल्या एक-दोन वेळी खालपर्यंत खरवडू नका. जमीन अजून मऊ असते, ब्लेड खडी उचलून हिरवळीवर फेकतं आणि एप्रिलमध्ये ती दाताळ्याने गोळा करत बसावं लागतं. तळाशी इंच-दोन इंच बर्फ ठेवा, चाकांखाली तो दबून घट्ट होईल आणि पुढे त्यावरूनच काम करा. ब्लेडला स्किड शू (धार जमिनीपासून वर धरणारे, घसरत जाणारे लोखंडी पाय) असतील तर ते खाली करून धार जमिनीपासून इंचभर उचला. नसतील तर ब्लेड अर्धा फेरा फिरवून उलटं लावा, म्हणजे धार जमिनीत शिरत नाही, वरून सरकते. बकेटच्या धारेवर उभी चिरलेली लोखंडी नळी बसवली तरी हेच साधतं.

४. प्रत्यक्ष काम

बर्फ थांबायची वाट पाहू नका. पाच-सहा इंच झाला की एक फेरी मारा, मग परत. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात सुमारे ८० इंच पडला. तेवढा साचल्यावर छोट्या ट्रॅक्टरच्या ब्लेडचं काही चालत नाही.

सीटबेल्ट लावा आणि मागची सुरक्षा कमान उभी करा. फोर व्हील चालू ठेवा, विशेषतः उतारावर. बऱ्याच कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. फोर व्हील असलं तरच पुढची चाकंही थांबायला मदत करतात. वेग ताशी पाच-आठ किलोमीटर पुरे, कारण बर्फाखाली लपलेल्या दगडाला ब्लेड आदळलं की ट्रॅक्टर जागीच थांबतो, तुम्ही नाही.

ब्लेड तिरकं करून आधी मधोमध एक फेरी मारा. वरंबा एका कडेला पडेल, परतताना दुसऱ्या कडेला पाडा. मग प्रत्येक फेरी थोडी बाहेर. कड आली की थांबू नका: बकेटने तो वरंबा कडेच्या पलीकडे, हिरवळीत जितका लांब जाईल तितका ढकला. डिसेंबरात हे जास्तीचं काम वाटतं. पण प्रत्येक वादळात कड हातभर आत सरकते, आणि ती सुरुवातीलाच बाहेर नेली नाही तर फेब्रुवारीत गाडी जेमतेम जाते. बकेट जमिनीवरून फिरवताना लिव्हर फ्लोटमध्ये ठेवा, म्हणजे ती जमिनीच्या चढउताराबरोबर आपोआप वर-खाली होते, आणि बकेटचा तळ सपाट. पुढे झुकवली तर ती डांबरातच रुतते.

५. रस्त्याचं तोंड

घरासमोर सगळं साफ केलं की नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ लोटणारा ट्रक, येतो आणि तोंडाशी फूटभर उंचीचा बांध टाकून जातो. चिडून उपयोग नाही. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलात तर प्लाऊ डावीकडून येतो. ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेने काही मीटरचा खिसा मोकळा करून ठेवा. प्लाऊचा बराचसा बर्फ तिथेच रिकामा होतो. तुमचा बर्फ मात्र तोंडाच्या उजवीकडे टाका. रस्ता ओलांडून समोर ढकलू नका: न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक रस्त्यावर बर्फ टाकायला कायद्याने बंदी आहे, आणि उरलेल्या निसरड्या पट्ट्यावर कुणाचीतरी गाडी घसरते.

६. ब्लोअर अडकला तर

पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. सगळं फिरायचं थांबल्यावरच काठीने बर्फ मोकळा करा, हात कधीही घालू नका. शिअर पिन (ब्लोअर अडकला की गिअरबॉक्स वाचवायला मुद्दाम तुटणारी पिन) तुटली तर त्याच मापाची नवीन घाला. जाड बोल्ट ठोकलात तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जाईल. चार-पाच पिना टूलबॉक्समध्ये असू द्या.

७. काम संपल्यावर

ब्लेड आणि बकेट लाकडी फळ्यांवर टेकवा, नाहीतर सकाळी जमिनीला चिकटलेली मिळतात. ब्लोअर बंद करण्याआधी मिनिटभर रिकामा फिरवा, आतला ओलावा बाहेर पडतो. इंजिन चालू ठेवून शेडचं दार लावू नका. डिझेलची टाकी रात्रीच भरून ठेवा. अर्धी रिकामी राहिली तर आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन खाली बसते आणि पहाटे तेच फिल्टरमध्ये गोठतं.