आपलं आपण शिकलेलं विणकाम पुन्हा तपासताना

व्हिडिओ बघून, जुन्या मासिकांतून किंवा घरातल्या कुणाच्या हातांकडे बघत विणायला शिकलेल्या माणसाला कधी ना कधी ऐकावं लागतं, 'अगं, तू सुई उलटीच धरतेस.' असं ऐकलं म्हणून लगेच सगळं मोडून नव्याने सुरुवात करू नका. सुई कशी धरली, लोकर कुठल्या बोटावरून घेतली, याला फारसं महत्त्व नाही. विणलेलं कापड काय सांगतंय ते आधी बघा. जी सवय कापडात दिसतच नाही, ती सुधारण्यात वेळ घालवायचं कारण नाही.

माझं उदाहरण देते. मी वर्षानुवर्षं दोन सुयांवर सपाट स्वेटर विणत होते आणि त्यात काही खोट नव्हती. बाळंतविड्यासाठी टोपरी गोल सुईवर (लवचीक केबलने जोडलेली दोन टोकं) विणायला घेतली, तेव्हा कापड कडक होऊन तिरकं वळायला लागलं. लोकर तीच, हातही तोच. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी टोपरं दिव्याखाली धरून ताणलं आणि म्हणाल्या, "प्रत्येक टाका गळ्यात फास घेऊन बसलाय बघ."

त्याचं कारण नीट समजून घ्या, कारण आपलं आपण शिकलेल्या बऱ्याच जणांचं कोडं तिथेच सुटतं. सुईवर बसलेल्या टाक्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढे, एक मागे. सुलट आणि उलट, दोन्ही टाक्यांना लोकरीचा वेढा नेहमीच्या दिशेने दिला, तर उजवा पाय पुढे येतो. पण उलट टाका विणताना लोकर खालून वर ओढून घेणं सोपं वाटतं, आणि तसं केलं की वेढ्याची दिशा बदलते. मग पुढच्या ओळीत तो टाका डावा पाय पुढे करून बसलेला असतो. अशा टाक्यात तुम्ही पुढून सुई घातली तर त्याला पीळ बसतो, मागच्या पायातून घातली तर टाका सरळ राहतो.

माझा हात नकळत मागच्या पायातूनच विणत होता. म्हणजे सपाट विणताना दोन वाकड्या सवयी एकमेकींना सांभाळून घेत होत्या. गोल विणताना उलट ओळ येतच नाही, सगळ्या ओळी सुलट. त्यामुळे टाके नेहमीसारखे उजवा पाय पुढे करून बसले, हात मात्र सवयीने मागूनच शिरला आणि प्रत्येक टाक्याला पीळ बसला.

जगात कितीतरी लोक मुद्दाम अशा मिश्र पद्धतीने विणतात आणि त्यांचं काम सुरेख असतं. फक्त कुठला पाय पुढे आहे ते त्यांना ठाऊक असतं. म्हणून माझा पहिला सल्ला असा: प्रत्येक टाका विणण्यापूर्वी पुढच्या पायाकडे बघा आणि जो पाय सुईच्या टोकाच्या बाजूला झुकलेला असेल त्यातून विणा. सुरुवातीला वेग पार मंदावतो. मंदावू दे.

टाके कमी करतानाही हेच आड येतं. नमुन्यात 'दोन टाके एकत्र सुलट' लिहिलेलं असतं, तेव्हा ती घट उजवीकडे झुकेल असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. टाके उलट्या पायाने बसलेले असतील तर तिथे पिळाची घट येते. रॅग्लन बाहीच्या (गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेल्या) दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेषा एकमेकींसारख्या दिसत नसतील तर बहुधा कारण हेच. छापील नमुने वाचून ऑर्डरी घ्यायच्या असतील, तर उलट टाक्याचा वेढा एकदाचा नेहमीच्या दिशेने वळवून घेतलेला बरा. मी तेच केलं, आणि चालू स्वेटरवर केलं नाही. अर्ध्या पाठीत पद्धत बदलली की हाताचा ताण बदलतो आणि तिथे आडवी रेषा उमटते, ती धुऊनही जात नाही. नवी सवय नव्या, लहान तुकड्यावरच लावा.

सरावाला लोकर फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची घ्या. काळी नको, केसाळ तर नकोच. त्यात टाक्याचे पाय दिसत नाहीत. मुंबईत उकडतं म्हणून बरेच नवशिके थेट सुती धाग्याकडे वळतात. धागा चांगला, पण सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते, त्यामुळे हाताचा प्रत्येक चढउतार त्यात दिसतो. इथल्या दुकानांत बहुतेक ॲक्रिलिकच मिळतं, शिकायला ते पुरेसं आहे. फक्त त्यावर गरम इस्त्री टेकवू नका, तंतू वितळून कापड कायमचं लुळं पडतं. एका कामाचे सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले आहेत ना, हे दुकानातच बघून घ्या.

दुसरी सवय ताणाची. सपाट कापडावर दर दुसरी ओळ थोडी सैल दिसून आडव्या खाचा पडत असतील, तर तुमचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा ढिले आहेत. हातावर जबरदस्ती करण्याऐवजी उलट ओळीची सुई एक नंबर बारीक घ्या. टोकं बदलता येणाऱ्या गोल सुईत हे सहज जमतं. मे महिन्यात घामेजल्या बोटांना लोकर चिकटते आणि ताण आपोआप वाढतो, असा माझा अनुभव आहे. जानेवारीत सुरू केलेलं काम मेमध्ये पुढे नेताना नव्याने मोजून बघते.

मोजण्याचा बहुतेकांना कंटाळा. मलाही आहे, तरी हिशोब बघा. नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके आहेत आणि छाती ९० सेंटिमीटर, म्हणजे १९८ टाके. तुमच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २०च बसत असतील, तर त्याच १९८ टाक्यांचे ९९ सेंटिमीटर होतात. घेरात ९ सेंटिमीटरचा फरक! मोजण्यापुरता तुकडा किमान १५ सेंटिमीटर रुंद विणा, धुवा, पूर्ण वाळू द्या (पावसाळ्यात यालाच वेळ लागतो) आणि कडा सोडून मधल्या भागात मोजा. वस्तू गोल विणायची असेल तर तुकडाही गोलच विणा.

सुईच्या नंबरांचा घोळही इथेच निस्तरून टाका. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकन नंबर उलटे चालतात, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. इंटरनेटवरचा नमुना घेऊन आईच्या डब्यातली ८ नंबरची सुई उचलली की घोटाळा ठरलेला. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

सुरुवातीचे टाके सुईवर घट्ट घालणं ही तिसरी सवय. जाड सुईवर टाके घाला असं सांगतात, पण त्याने टाके नुसते उंच होतात. दोन टाक्यांमध्ये थोडी जागा सोडली की कड खरी लवचीक होते. बाळाच्या स्वेटरचा गळा डोक्यातून जायला हवा, तिथे हे फार महत्त्वाचं. लोकर संपली तर मध्येच गाठ मारू नका. कडेला नवा धागा जोडा, दोन्ही टोकं हातभर नको पण १५ सेंटिमीटर तरी ठेवा आणि नंतर सुईने आत ओवून टाका. मोज्यांच्या आत लोंबता धागा तर अजिबात नको, तो बाळाच्या बोटाला आवळला जाऊ शकतो.

लोकर डाव्या हातात धरावी की उजव्या, यावर लोक तावातावाने भांडतात. मी उजव्यातच धरते. दुसरा हात शिकलात तर दोन रंगांच्या कामात एकेक रंग एकेका हातात घेता येतो, एवढाच फायदा. लोकलमध्ये विणत असाल तर मात्र लांब सुया सोडून गोल सुई घ्या. चौथ्या सीटवर बसून कोपर मारलंत तर शेजारीण ऐकून घेणार नाही.

सरावाला सर्वांत चांगली गोष्ट नवजात बाळाची टोपी. १० सेंटिमीटरला २२ टाके बसत असतील तर ७२ टाके घाला, साधारण ३३ सेंटिमीटर घेर होतो. एवढ्या घेराला ४० सेंटिमीटरची गोल सुई मोठी पडते. ८० सेंटिमीटरची घ्या आणि जास्तीची केबल टाक्यांमधून बाहेर ओढून ठेवत विणा. दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर करून पुढे सगळं सुलट. एकूण उंची १० सेंटिमीटर झाली की घट सुरू करण्याआधी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा, म्हणजे उसवायची वेळ आली तर तिथपर्यंतच उसवेल. मग ७ सुलट, २ एकत्र, असं ८ वेळा. एक ओळ साधी. पुढच्या घटीत ६ सुलट, २ एकत्र, असं करत ८ टाके उरेपर्यंत जा. त्यातून लोकर ओवून ओढून घ्या, टोक आत लपवा. टोपी ताणून बघा: टाके मोकळ्या 'व्ही'सारखे दिसले तर सरळ, बुडाशी पाय एकमेकांवर चढलेले दिसले तर पीळ आहे. लगेच दुसरी टोपी घाला, तीच लोकर, तीच सुई, आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासा.