उन्हाळ्यात मेकअप टिकत नाही? स्वस्त मेकअप पारखताना या चुका टाळा

कुठलंही फाउंडेशन लावल्यावर पाचव्या मिनिटाला बरंच दिसतं. ते आपल्या कामाचं आहे की नाही, हे कळतं पाचव्या तासाला. तोवर उन्हातून एक फेरी झालेली असते, दोनदा चेहरा पुसलेला असतो, नाकावर तेल आलेलं असतं. खरेदीचा निर्णय मात्र आपण पाचव्या मिनिटाला घेऊन मोकळ्या होतो.

गेली काही वर्षं मी रोजच्या वापरासाठी कमी किमतीचा मेकअप तपासून बघते आहे. माझं कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे, आणि दिवसाचा बराच वेळ उन्हाघामात जातो. सुरुवातीला ‘हे काही कामाचं नाही’ म्हणून बाजूला टाकलेल्या कितीतरी वस्तू नंतर नीट वापरून पाहिल्या, तेव्हा चांगल्या निघाल्या. परीक्षा घेण्यातच माझी चूक होत होती. हात आखडून खर्च करणारीला चुकीची खरेदी सगळ्यात महाग पडते. म्हणून मी कुठे कुठे चुकले आणि आता काय करते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

हातावर रंग बघून शेड निवडणं

हाताची पाठ आणि चेहरा यांचा रंग क्वचितच सारखा असतो. मनगटाची आतली बाजू तर बहुतेकींची चेहऱ्यापेक्षा उजळ असते. रंग बघायचा तो जबड्याच्या कडेला, गालावरून मानेकडे उतरणारी छोटी रेघ ओढून. दिव्याच्या पिवळ्या उजेडात सगळ्याच शेड जुळल्यासारख्या वाटतात, म्हणून खिडकीशी किंवा बाहेर सावलीत उभं राहून बघा.

यापुढची चूक मात्र फार जणी करतात. रेघ ओढली, जुळली, घेतलं. अर्धा तास थांबायला हवं, कारण लावल्यावर फाउंडेशनचा रंग बदलतो. याला सगळे ‘ऑक्सिडाइज होणं’ म्हणतात, त्यामुळे हवेने काहीतरी बिघडतं असं वाटतं. पण फाउंडेशनमधले रंग मुळातच लोखंडाचे ऑक्साइड असतात. डबीवर सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे दिसतील, ते लाल, पिवळ्या आणि काळ्या ऑक्साइडचे. महागड्या बाटलीतही हेच असतात. रंग गडद होण्यात मोठा वाटा असतो तो दुसऱ्याच गोष्टीचा: पातळपणासाठी घातलेले द्रव उडून जातात आणि त्वचेतलं तेल त्या रंगकणांत मुरतं. कोरडी माती ओली झाली की गडद दिसते, तसंच हे. म्हणून तेलकट त्वचेवर आणि गरम हवेत हा फरक जास्त जाणवतो.

उपाय सरळ आहे. एखादं फाउंडेशन दर वेळी एका शेडने गडद होत असेल, तर पुढची बाटली एक शेड उजळ घ्या. स्वस्त उत्पादनांत शेड कमी असतात, ही त्यांची खरी उणीव आहे. आपली नेमकी शेड मिळत नसेल तर जाड झाकणारं फाउंडेशन घेऊच नका. पातळ टिंट किंवा बीबी क्रीममध्ये खालची त्वचा दिसत राहते, त्यामुळे थोडी चुकलेली शेडही खपून जाते.

पंख्याखाली घेतलेली चाचणी

संध्याकाळी निवांत बसून, गार खोलीत, नवीन वस्तू लावून बघणं मला फार आवडायचं. त्या चाचणीतून काहीही कळत नाही. ज्या हवेत ती वस्तू वापरायची, त्याच हवेत ती तपासायला हवी. मात्र महत्त्वाचं काम, समारंभ, मुलाखत असा दिवस त्यासाठी निवडू नका. घरातली कामं असलेला, थोडं चालणं होणारा साधा दिवस घ्या.

मी आता अशी परीक्षा घेते: अर्ध्या चेहऱ्यावर नेहमीचं, अर्ध्यावर नवीन. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. मग लावल्याबरोबर, दोन तासांनी, चार तासांनी आणि सहा तासांनी त्याच खिडकीशी उभं राहून फोटो काढते. आरशात आपल्याला आपला चेहरा पटकन सवयीचा होतो, फोटो शेजारी शेजारी ठेवले की फरक लपत नाही. एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा नियम मी कधीच मोडत नाही. नवीन प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर), नवीन फाउंडेशन आणि नवीन पावडर एकाच दिवशी लावलं आणि दुपारी चेहरा फाटला, म्हणजे मेकअप जागोजागी सुटला, तर दोष कुणाचा हे कळणारच नाही. आणि एकदा लावून निकाल देऊ नका. झोप, हवा, पाळीचे दिवस, आदल्या रात्री लावलेलं क्रीम, सगळ्याचा परिणाम होतो. तीन वेगवेगळ्या दिवशी सारखंच घडलं, तरच ते मी वहीत लिहिते.

घाम आणि तेल एकच समजणं

मला वाटतं, उन्हाळ्यातल्या मेकअपच्या निम्म्या तक्रारी इथून सुरू होतात. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, त्यात थोडे क्षार. त्वचेचं तेल हे तेलच. पाण्याला दाद न देणारी वस्तू तेलात सहज विरघळते. वॉटरप्रूफ काजळ डोळ्यांतल्या पाण्याने हलत नाही आणि दुपारी पापणीच्या तेलाने मात्र गालापर्यंत उतरतं, ते यामुळेच.

आपला शत्रू कोणता हे ओळखायला एक टिश्यू पुरतो. मेकअप बिघडायला लागला की तो कपाळावर, नाकावर, ओठावरच्या भागावर दाबा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. डाग वाळून गेला तर घाम. कागद पारदर्शक होऊन तसाच राहिला तर तेल.

तेल असेल तर सकाळचं क्रीम हलकं करा, सिलिका असलेली पावडर वापरा आणि दिवसातून एकदोनदा ब्लॉटिंग पेपरने टिपा. घाम असेल तर पावडर वाढवून काही साधत नाही, उलट बिघडतं. तिथे थर पातळ ठेवणं आणि पाण्याला टिकणारी वस्तू निवडणं, हेच कामाला येतं. सेटिंग स्प्रेचं असं आहे की त्यात पातळ पापुद्रा तयार करणारे घटक असले तर तो उपयोगी. गुलाबपाण्यासारखा नुसता सुगंधी फवारा चेहरा गार करतो, मेकअप धरून ठेवत नाही. दोन्हींच्या बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून मागची घटकांची यादी वाचा. त्यात पीव्हीपी किंवा अॅक्रिलेट्स असे शब्द दिसले तर तो धरून ठेवणारा स्प्रे.

घामावर पावडर

चेहरा ओला असताना कॉम्पॅक्टचा पफ फिरवला की पावडर पाणी पिते आणि तिथेच गठ्ठा होऊन बसते. आधी टिपा, मग लावा. आणि पावडर पूर्ण चेहऱ्याला लागते, हा समजही सोडून द्या. नाकाच्या बाजू, कपाळाचा मधला भाग, हनुवटी, बस. गालांवर आणि डोळ्यांखाली ती रेषांत साचते, आणि तिशीनंतर तर फारच.

थर नीट बसू न देणं

सनस्क्रीनवर फाउंडेशन लावताना बोटाखाली रबराच्या चुऱ्यासारख्या वळ्या सुटतात, हा अनुभव बहुतेकींना आला असेल. लगेच फाउंडेशनला दोष देऊ नका. बहुतेकदा खालचा थर जाड असतो किंवा ओला असतो, आणि आपण वरून घासत असतो. सनस्क्रीन लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग फाउंडेशन घासू नका, ओल्या स्पंजने किंवा बोटांनी दाबून बसवा.

तरीही वळ्या येत असतील तर त्या दोन वस्तूंचं आपसांत जमत नाही. ‘पहिला घटक पाणी असेल तर ते वॉटर बेस’ हा नियम खूप ऐकायला मिळतो, पण तो भरवशाचा नाही. पुष्कळ फाउंडेशनमध्ये पहिलं नाव पाण्याचं असतं आणि लगेच खाली डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन, म्हणजे सिलिकोन. वाचून डोकं शिणवण्यापेक्षा हाताच्या पाठीवर दोन्हींचा एकेक थेंब मिसळून बघा. एकजीव झालं तर ठीक. दूध फाटल्यासारखं वेगळं झालं किंवा कण दिसले, तर ती जोडी मोडा. दोन्ही वस्तू टाकून द्यायची गरज नाही, वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर त्या नीट चालतात.

‘यात एसपीएफ आहे’ म्हणून सनस्क्रीन न लावणं

या चुकीबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण इथे प्रश्न दिसण्याचा नाही, त्वचेचा आहे. एसपीएफ म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा. तो काढताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर २ मिलिग्रॅम इतका थर दिलेला असतो. फाउंडेशन कुणीच इतकं जाड थापत नाही, आणि कॉम्पॅक्ट तर त्याहून कमी. त्यामुळे डबीवर ३० लिहिलेलं असलं तरी चेहऱ्यावर त्याचा थोडाच भाग पोचतो. खाली वेगळं सनस्क्रीन हवंच, आणि उन्हात असाल तर साधारण दर दोन तासांनी पुन्हा.

आता मेकअपवर ते पुन्हा कसं लावायचं? खरं सांगायचं तर मनासारखा मार्ग नाही. स्टिक किंवा कुशन (डबीतल्या स्पंजात मुरवलेलं सनस्क्रीन) दाबून लावता येतं, पण थर कमीच बसतो. म्हणून दिवसभर बाहेर असेन तेव्हा मी फाउंडेशन लावतच नाही. सनस्क्रीन, डागांवर बोटाने थोडं कन्सीलर, भुवया आणि ओठ. दर दोन तासांनी सनस्क्रीन लावताना मग काही विस्कटत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असलेली उत्पादनं फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढराफटक दाखवतात, एवढंच फोटोच्या दिवशी लक्षात ठेवा.

काजळ, मस्करा, लिपस्टिक

काजळ पसरलं की आधी ते कुठे पसरलंय ते बघा. डोळ्याखाली पसरत असेल तर खालचं आयक्रीम किंवा कन्सीलर जास्त स्निग्ध आहे. तिथे थोडी पावडर दाबली की बरंच थांबतं. वरच्या पापणीच्या घडीत उमटत असेल तर पापणीवरचं तेल टिपून, कोरडी करूनच लायनर लावा. मस्कराचंही तेच. वॉटरप्रूफ मस्कराही डोळ्याखाली काळं करत असेल, तर ट्यूबिंग प्रकारचा मस्करा शोधा. तो पापणीच्या प्रत्येक केसाभोवती नळीसारखा बसतो, तेलाने पसरत नाही आणि कोमट पाण्याने निघतो. वॉटरप्रूफ काढायला मात्र तेलाचाच क्लेन्झर लागतो. पाण्याने चोळत बसलात तर पापण्यांचे केस जातील.

उघडलेला मस्करा तीन ते सहा महिन्यांत बदलावा. डोळ्यांच्या बाबतीत स्वस्त-महाग हा हिशोब करू नका.

गरमीत लिपस्टिकवर घामासारखे थेंब येतात. ते त्यातलंच तेल वर आलेलं असतं, तेवढ्यावरून लिपस्टिक खराब झाली असं होत नाही. गार जागी ठेवा, टिश्यूने टिपा. वास बदलला असेल तर मात्र टाकून द्या. बंद गाडीत मेकअपचा बटवा विसरू नका.

थेट चेहऱ्यावर लावून बघणं

नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावा आणि किमान ४८ तास बघा. अॅलर्जी बहुतेकदा लगेच उठत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. त्वचा नाजूक असेल तर त्याच जागी आठवडाभर रोज लावून बघितलेलं बरं. खाज, लाली, सूज आली तर लगेच धुवा आणि वापर थांबवा. कमी होत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. डबी सोबत न्यायला विसरू नका, घटकांची यादी त्यांना लागते.

कमी किंमत म्हणजे धोका, असं मला मुळीच वाटत नाही. धोका असतो तो बॅच नंबर, तारीख, घटक आणि बनवणाऱ्याचा पत्ता यांतलं काहीच नसलेल्या डबीत. नावाजलेल्या ब्रँडची वस्तू विश्वास बसणार नाही इतक्या कमी किमतीत मिळत असेल, तेव्हाही हेच तपासा. उघड्या डबीच्या चित्रात ६एम, १२एम असं लिहिलेलं असतं, ते उघडल्यानंतर किती महिने वापरायचं ते सांगतं. मी झाकणाखाली उघडल्याची तारीख चिकटवते.

दुपारी चेहरा फाटला तर

वरून फाउंडेशनचा आणखी थर देऊ नका. आधी टिश्यू दाबून घाम आणि तेल दोन्ही टिपा. मग किंचित ओलसर स्पंजने बिघडलेला भाग हलक्या हाताने दाबत जा, जमलेला मेकअप पुन्हा सरकून एकसारखा होतो. नाकाच्या बाजूला तो अगदीच सुटला असेल तर ओल्या कापसाने तेवढाच भाग पुसा, कोरडा होऊ द्या, बोटाच्या टोकाने कन्सीलर दाबा, त्यावर चिमूटभर पावडर. पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी माझ्या बॅगेत टिश्यू, छोट्या डबीत बंद केलेला स्पंज, कन्सीलर आणि कॉम्पॅक्ट एवढंच असतं. स्पंज रात्री साबणाने धुऊन उघड्यावर वाळवते. ओलाच बंद ठेवला तर त्यात बुरशी धरते, आणि मग चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या की आपण पुन्हा फाउंडेशनला दोष देतो.