टेस्टचे अपयश तपासणाऱ्या एजंटसाठी टूलचे वर्णन कसे लिहावे

सॉफ्टवेअरची टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा प्रोग्राम) फेल झाल्यावर त्याचे कारण शोधण्याचे काम एआय एजंटकडे, म्हणजे स्वतः टूल चालवून काम करणाऱ्या भाषा-मॉडेलकडे, सोपवले, तरी त्याला दिलेल्या टूलचा कोड सहसा त्याला दिसत नाही. त्याच्यासमोर टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरची जेसन स्कीमा (टूलला कोणती मूल्ये कोणत्या स्वरूपात द्यायची याची नोंद) एवढेच असते. कोणते टूल केव्हा चालवायचे, त्याला काय द्यायचे आणि आलेल्या उत्तरावरून काय निष्कर्ष काढायचा, हे सारे त्याला तेवढ्या मजकुरावरून ठरवावे लागते. यातील तिसरी गोष्ट वर्णनात सर्वांत जास्त वेळा राहून जाते, आणि टेस्टच्या बाबतीत तीच सर्वांत महाग पडते, असे माझे मत आहे.

पायटेस्ट (पायथॉन कोडच्या टेस्ट चालवणारा प्रोग्राम) चालवणाऱ्या टूलचे उदाहरण घेऊ. ‘टेस्ट चालवते आणि निकाल देते’ या वर्णनात खोटे काही नाही. पण पायटेस्टचा निकाल केवळ पास किंवा फेल एवढाच नसतो. एक्झिट कोड (काम संपताना प्रोग्रामने दिलेला अंक) 1 आला तर काही टेस्ट फेल झालेल्या असतात. टेस्टची फाइल इम्पोर्टच होऊ शकली नाही, तर सहसा कोड 2 येतो. गाळणीसाठी दिलेल्या नावात चूक असेल आणि एकही टेस्ट निवडली गेली नसेल, तर 5 येतो. सर्व टेस्ट वगळल्या गेल्या तरी कोड 0 असतो, म्हणजे काहीही न तपासता यश दिसते. हे फरक ज्याला सांगितलेले नाहीत, तो एजंट चूक न दाखवणारा लॉग (टेस्ट चालताना छापलेला मजकूर) पाहून ‘दुरुस्ती झाली’ असे मोकळेपणाने लिहून देण्याचा धोका राहतो. म्हणून वर्णन साधारण असे असावे:

‘एक टेस्ट किंवा एक टेस्ट फाइल पायटेस्टने चालवते. अपयश पुन्हा घडवून पाहण्यासाठी आणि दुरुस्तीनंतरच्या पडताळणीसाठी वापरावे. सर्व टेस्ट एकत्र चालवण्यासाठी “रन_सूट” वापरावे. मार्ग रिपॉझिटरीच्या मुळापासून द्यावा. उत्तरात पास, फेल आणि वगळलेल्या टेस्टची संख्या, एक्झिट कोड आणि लॉगच्या शेवटच्या 200 ओळी येतात. त्याआधीचा भाग “रीड_लॉग”ने वाचावा. पास झालेल्यांची संख्या शून्य असेल, तर एक्झिट कोड काहीही असला तरी निकाल यशस्वी मानू नये. 120 सेकंदांनंतर टूल काम थांबवते. त्यावरून टेस्ट फेल झाली असे ठरत नाही. सोर्स कोडमध्ये बदल करत नाही.’

लॉग कोणत्या बाजूने कापला जातो, हे त्यात मुद्दाम लिहिले आहे. पायटेस्टचा सारांश शेवटी येतो, म्हणून शेवटच्या ओळी ठेवणे सोयीचे. पण पुढच्या दहा चुकांना जन्म देणारी पहिली चूक पुष्कळदा वरच्या भागात असते. लॉग कापलेला आहे हे एजंटला कळले नाही, तर हाती आलेला तुकडाच संपूर्ण लॉग समजून तो कारण शोधत बसतो.

कधी पास तर कधी फेल होणाऱ्या टेस्टसाठी पुन्हा चालवण्याचे टूल देत असाल, तर प्रत्येक वेळी डेटाबेस नव्याने तयार होतो का आणि टेस्टचा क्रम व रँडम सीड (यादृच्छिक मूल्ये ज्यावरून ठरतात तो सुरुवातीचा अंक) तोच राहतो का, हे नमूद करावे. फेलनंतर एकदा पास मिळणे हा दुरुस्तीचा पुरावा नाही, हेही स्पष्ट लिहावे.

काही टूल स्वतःच पुरावा बदलतात. जेस्टमध्ये (जावास्क्रिप्टच्या टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) स्नॅपशॉट, म्हणजे तुलनेसाठी साठवलेले आउटपुट, अपडेट केला की साठवलेल्या जुन्या आउटपुटच्या जागी आत्ताचे आउटपुट येते आणि बग तसाच राहूनही टेस्ट पास होते. अशा टूलच्या वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात हा परिणाम सांगावा आणि आउटपुटमधील बदल अपेक्षित असल्याची खात्री माणसाने दिल्यावरच ते वापरावे, असे लिहावे. अर्थात वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. खरी परवानगी कोडमध्येच तपासली गेली पाहिजे.

पॅरामीटरच्या नावात एकक असावे, जसे ‘टाइमआउट_सेकंद’, आणि ठरावीक पर्याय असतील तर ते स्कीमातच बांधून द्यावेत. आतली अंमलबजावणी, वापरलेली लायब्ररी, टूलचा इतिहास हे सारे गाळावे, कारण टूलची वर्णने मॉडेलच्या मर्यादित कॉन्टेक्स्टमध्ये (एका वेळी त्याला वाचता येणाऱ्या मजकुरात) जागा घेतात.

वर्णन लिहून झाल्यावर, ज्यांचे कारण आधीच माहीत आहे अशी काही जुनी अपयशे एजंटला द्यावीत. त्याचे अंतिम उत्तर पाहण्याआधी त्याने कोणती टूल कोणत्या क्रमाने व काय देऊन चालवली, ते वाचावे. त्याने चुकीचे टूल निवडले असेल, तर दोन टूलच्या वर्णनांतील सीमा धूसर आहे. टूल बरोबर निवडूनही निष्कर्ष चुकला असेल, तर आधी उत्तराचा अर्थ सांगणारे वाक्य तपासावे. एका वेळी एकच वाक्य बदलावे आणि तीच अपयशे पुन्हा द्यावीत. एजंटचे वर्तन दर वेळी तंतोतंत सारखे नसते, म्हणून प्रत्येक अपयश एकाहून अधिक वेळा चालवून मगच तो बदल ठेवावा.