कोकणातल्या होमस्टेवाल्यांनो, ‘वर्क फ्रॉम होम’ची पाटी लावताना या चुका टाळा

दापोली-गुहागरपासून खाली मालवण-तारकर्लीपर्यंत आता बघावं तिथे होमस्टेच्या बोर्डावर "फ्री वायफाय, वर्क फ्रॉम होमसाठी उत्तम" लिहिलेलं असतं. लॉकडाऊननंतर हे जास्त वाढलं आणि गिऱ्हाईक खरंच आहे, पुण्या-मुंबईचं आयटीतलं जोडपं येतं, पंधरा दिवस महिनाभर राहतं, सोमवार ते गुरुवार रिकाम्या पडणाऱ्या खोल्या भरतात. पण यातले काही जण चार दिवसांत सामान आवरून निघतात आणि मालक म्हणतो, शहरातल्या लोकांना काही पटतच नाही. अहो, विकेंडचा पाहुणा दिवसभर समुद्रावर असतो, हा दिवसाचे नऊ तास तुमच्या खोलीत बसणार आहे, आणि ऐन मीटिंगमध्ये कॉल तुटला की त्याला तुमच्या सुरमईचं काही कौतुक राहत नाही.

लाईट गेली, पंखा चालू, नेट बंद

सगळ्यात कॉमन घोळ हाच. मालकाने इन्व्हर्टर घेतलेला असतो, खोल्यांतले पंखे आणि बल्ब त्यावर घेतलेले असतात, पण फायबरवाला ओटीवर जिथे पॉइंट दिसला तिथे डबा लावून गेलेला असतो आणि तो पॉइंट इन्व्हर्टरवर नसतोच. लाईट गेल्यावर सगळे वायफायला शिव्या घालतात. आज संध्याकाळी मेन स्विच पाडून बघा, फायबरचा डबा आणि राउटर दोन्हीचे दिवे चालू राहतात का. दोन्ही वेगळे असतील तर दोन्ही इन्व्हर्टरवर पाहिजेत, एकाने भागत नाही.

बरं, ते केलंत तरी एक गंमत उरते. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर लागेपर्यंत जो क्षणभराचा झटका बसतो त्यात राउटर रिस्टार्ट होतो आणि नेट परत यायला दोन-तीन मिनिटं जातात, तोवर समोरचा क्लायंट "हॅलो हॅलो" करून फोन ठेवून मोकळा. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, त्यावर टाकलं की बदल पटकन होतो, फक्त तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर त्या मोडला इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो आणि रात्री बॅटरी पार रिकामी. त्यापेक्षा राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, म्हणजे आत बॅटरी असलेला डबा, मिळतो तो लावा. हजार-दोन हजारांतलं काम आहे, लोक खोलीत पन्नास हजारांचा एसी बसवतात आणि हे करत नाहीत, का ते देव जाणे.

बॅटरीचा हिशोब पण एकदा कागदावर करा. १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हातात येतात हजार-बाराशे. साधा पंखा ७०-७५ वॅट, लॅपटॉप साधारण ६५. एका खोलीला सात-आठ तास आरामात जातात, पण चार खोल्यांत चार पंखे आणि चार लॅपटॉप लावले की दोन तासांत खेळ खलास. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, केले की एक पंखा तीसेक वॅटवर येतो, दुसरी बॅटरी घेण्याआधी हे करून बघा. आणि इंडक्शन, किटली त्या लाइनवर लागणार नाहीत याची सोय आधीच करून ठेवा.

राउटर ओटीवर, माणूस मागच्या खोलीत

चिऱ्याची भिंत फूटभर तरी जाड, त्यातून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जाताना जीव टाकतं, २.४ वालं जातं पण दोन भिंतींनंतर तेही रडतं. मग मालक पॅसेजमध्ये वायफाय पुढे ढकलणारा एक्स्टेंडर लावतो, मोबाइलवर सगळ्या काड्या फुल दिसतात आणि स्पीड मात्र निम्मा. हे साधे एक्स्टेंडर तीच हवा परत फुंकतात, त्यांच्या नादी लागू नका. प्रत्येक खोलीपर्यंत कॅट-६ (नेटची तांब्याची) केबल ओढा आणि तिथे अॅक्सेस पॉइंट, म्हणजे त्या केबलवरून खोलीत वायफाय देणारा डबा, लावा, १०० मीटरपर्यंत काही प्रॉब्लेम नाही. केबल पाइपातून न्या, नाहीतर वानरं त्याला लोंबकळतात, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आणि आवारातली वेगळी कॉटेज असेल तर तिथवर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका, मे अखेरच्या आणि परतीच्या पावसातल्या विजेत दोन्ही टोकांची मशीन जातात. तिथे फायबरच टाका.

स्पीड टेस्टचा फोटो टाकता ना लिस्टिंगवर? तो राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर काढलेला असेल तर काढून टाका. खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून रात्री आठला, सगळ्या खोल्या भरलेल्या असताना टेस्ट करा आणि अपलोडचा आकडा बघा. चांगल्या व्हिडिओ कॉलला माणशी तीन-चार एमबीपीएस अपलोड पुरतं, पण ते सतत मिळायला हवं.

बॅकअप म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिमवालं राउटर ठेवा, पण आधी चौकशी करा, बऱ्याचदा गावातल्या टॉवरला पण त्याच रस्त्याने आलेली फायबर असते, जेसीबीने एक ठिकाणी खणलं की दोन्ही आडवे. जून-जुलैबद्दल तर खरं तेच सांगा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, तेवढं दरवर्षी होत नाही पण फांदी पडून दिवसभर अंधार हे होतंच. "पावसाळ्यात पण नेट एकदम पक्कं" असं छातीठोक कोणी सांगू नये.

लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या

पाहुणा अशी तक्रार करतो आणि आपण हसण्यावारी नेतो. ते अर्थिंग नसल्याचं लक्षण असतं. कातळावर घर, त्यात मे महिन्यात जमीन कोरडी ठाक, खड्ड्यातली ओल गेलेली, अर्थिंग नावालाच. वायरमनला मीटर लावून बघायला सांगा, फेज आणि अर्थमध्ये जवळपास २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चारच. नसेल तर खड्डा नीट करून घ्या, कोळसा-मीठ भरा आणि उन्हाळ्यात पाणी घालत जा. लोक तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये घुसवतात ते वेगळंच, टेबलाजवळ नीट तीन पिनची चार सॉकेट द्या म्हणजे तो प्रश्नच मिटला.

टेबल-खुर्चीबद्दल थोडक्यात. ड्रेसिंग टेबल म्हणजे कामाचं टेबल नव्हे, पाय आत जात नाहीत. २९-३० इंच उंच आणि दोन फूट तरी खोल पाहिजे. खुर्ची जाळीच्या पाठीची घ्या, फोमवाली खाऱ्या दमट हवेत पावसाळाभर कुबट मारते आणि लोखंडी पाया गंजतो. टेबल खिडकीला पाठ करून ठेवू नका, माणूस कॉलवर नुसता काळा दिसतो. खिडकी बाजूला येऊ द्या.

त्याचं घड्याळ वेगळं असतं

लंडनच्या ऑफिसात सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दीड आणि थंडीत अडीच. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. असा माणूस रात्री तीनला झोपतो आणि काकू प्रेमाने सातला चहा घेऊन दार वाजवतात. आल्या दिवशी एकच विचारा, "दादा, तुमची ड्युटी किती ते किती?" आणि त्याप्रमाणे झाडलोट, मिक्सर, जेवण ठरवा. रात्री आठचं ताट त्याच्या मीटिंगवर येत असेल तर डबा भरून ठेवा. आणि महिनाभर रोज मासळीची थाळी कोणी खात नाही, घरच्यासारखं पिठलं-भात, भाजी-भाकरी लागते, किंवा एक छोटा फ्रिज आणि ओटा द्या. कपडे वाळायची सोय पण बघा, पावसात दोन दोन दिवस ओले राहतात.

शनिवारी ग्रुप येऊन खळ्यात स्पीकर लावतो, त्यामुळे लांब राहणाऱ्याला मागची खोली द्या. शिमग्यात पालखी येणार, गणपतीत मुंबईची भावंडं पोराबाळांसकट येणार, त्या तारखा बुकिंगला आधीच बंद करा. ऑगस्टमध्ये महिन्याचे पैसे घ्यायचे आणि चतुर्थीच्या आधी "खोली जरा रिकामी करता का" विचारायचं, हे होतं सर्रास आणि रिव्ह्यू तिथेच पडतो.

कागदपत्रं नीट ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्याची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन द्यावी लागते (पूर्वी याला फॉर्म सी म्हणत), तो चार दिवस राहो की चाळीस. महिनोन्महिने राहणाऱ्याला पाहुणा म्हणायचं की भाडेकरू, लिव्ह अँड लायसन्स (भाड्याने राहण्याचा करार) लागेल का, हे वकिलाला एकदा विचारून घ्या.

राहता राहिला रेट. रोजचा रेट गुणिले तीस केलंत तर कोणी येणार नाही आणि एसीसकट सरसकट कमी रेट दिलात तर दिवसरात्र एसी चालून तुमचं बिल फाटेल. महिन्याचा वेगळा रेट ठेवा, एसीला सबमीटर (त्याचे युनिट वेगळे मोजणारा मीटर) लावा, येतानाचं आणि जातानाचं रीडिंग दोघांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आणि नेट किंवा लाईट अख्खा दिवस बंद राहिली तर त्या दिवसाचे किती पैसे परत, हा आकडा बुकिंगच्या व्हॉट्सअॅपवरच लिहून द्या, नंतर ओटीवर उभं राहून घासाघीस नको.